मळ्यातला सवंगडी
ओझरच्या द्राक्षमळ्यात कुत्रा पाळतात तो राखणीला. त्याच्याशी खेळायचंही असतं, हे मोठ्यांच्या गावीही नसतं. पोरांना मात्र ते न शिकवता येतं. दिवसभर साखळीला असलेलं जनावर लठ्ठ होतं, चिडकं होतं, उगाच भुंकत बसतं. ऊन उतरल्यावर थोडा वेळ चेंडू फेका, भाकरीचा तुकडा लपवून हुंगत शोधायला लावा. खेळताना नजरानजरही होऊ द्या: कुत्रा आणि माणूस एकमेकांकडे टक लावून पाहतात तेव्हा दोघांतही ऑक्सिटोसिन हे आपुलकीचं संप्रेरक वाढतं, असं जपानी संशोधकांना २०१५ मध्ये आढळलं. फक्त बक्षीस म्हणून द्राक्षं, बेदाणे नकोत. त्यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. चुकून खाल्लेच, तर वाट न पाहता पशुवैद्याकडे न्या.