घरे बांधावीत कोणी : कंत्राटदाराने की सरकारी खात्याने?

वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या सदनिकेत जाणाऱ्या रहिवाशांचा आनंद स्वाभाविकच होता. मात्र या प्रकल्पाच्या एका वैशिष्ट्याची फारशी चर्चा झाली नाही. १९९५ पासून झोपडपट्टी पुनर्वसनात रुजलेल्या पद्धतीत जादा चटईक्षेत्राच्या मोबदल्यात विकासकच सर्वेसर्वा असतो. येथे तो नाही. म्हाडाने प्रकल्प स्वतःकडे ठेवून केवळ बांधकामासाठी कंत्राटदार नेमले. विकासकाला वगळता येत असेल, तर कंत्राटदारालाही वगळून सरकारी यंत्रणेने स्वतःच्या पगारी गवंडी-सुतारांकडून घरे बांधून घ्यावीत काय, हा त्यापुढचा प्रश्न आहे.

ब्रिटनने या प्रश्नाचा शंभर वर्षांहून अधिक काळ अनुभव घेतला आहे. लंडन कौंटी कौन्सिलच्या अभियंत्याने १८९२ च्या सुमारास यॉर्क रोडवरील गटाराचा खर्च सुमारे ७ हजार पौंड काढला होता. प्रत्यक्षात आलेल्या दोन्ही निविदा साडेअकरा हजारांवर होत्या. कौन्सिलने स्वतः मजूर लावले आणि निविदेपेक्षा हजारो पौंड कमी खर्चात काम पूर्ण केले. त्याच काळात स्वतंत्र बांधकाम खाते उभे राहिले. पुढे बॅटर्सी येथील स्थानिक कौन्सिलने आपल्याच मजुरांकडून ३१५ घरांची लॅचमिअर वसाहत बांधली. ती १९०३ मध्ये खुली झाली.

या पद्धतीचा खरा लाभ केवळ बचतीचा नव्हता. काम स्वतः करणाऱ्या यंत्रणेला विटा, मजुरी आणि वेळ यांचा नेमका हिशेब ठाऊक असतो. साहजिकच संगनमताने फुगवलेली निविदा तिच्या नजरेतून सुटत नाही.

तथापि, नाण्याची दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. लंडनच्या याच खात्यात एका कामाचा खर्च दुसऱ्या कामाच्या नावावर दाखवून तोटा लपवल्याचे १८९६ मध्ये उघडकीस आले. १९०७ च्या निवडणुकीत सत्तांतर झाले आणि त्यानंतर खाते मोडीत निघाले. शिवाय काम असो वा नसो, पगारी मजुरांचा खर्च सुरूच राहतो. कंत्राटदार मात्र काम संपले की आपला गाशा गुंडाळतो. १९८० च्या कायद्याने ब्रिटिश कौन्सिलांच्या बांधकाम खात्यांना खासगी कंपन्यांशी निविदेत स्पर्धा करणे, स्वतंत्र हिशेब ठेवणे आणि ठरावीक परतावा दाखवणे बंधनकारक केले. त्याच काळात कौन्सिलांची नवी घरबांधणीही आटली. परिणामी बहुतेक ठिकाणी ही खाती दुरुस्ती आणि देखभालीपुरतीच उरली.

कंत्राटी पद्धतीचा धोका १६ मे १९६८ रोजी दिसला. पूर्व लंडनमधील रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीत गॅसचा स्फोट होऊन एक संपूर्ण कोपरा कोसळला आणि चौघांचा मृत्यू झाला. कौन्सिलसाठी खासगी कंपनीने तयार भिंती जोडून ती बांधली होती आणि रहिवासी आत येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. १९८६ मध्ये ती उतरवताना भिंतींच्या सांध्यांतील निकृष्ट काम उघडे पडले. जे दिसत नाही ते भिंत बंद होण्यापूर्वी तपासणारा माणूस कोणाचा, हा येथील कळीचा मुद्दा होय.

याउलट नॉर्विच शहरातील गोल्डस्मिथ स्ट्रीट ही कौन्सिलची सुमारे शंभर घरांची वसाहत खासगी कंत्राटदारानेच बांधली. तिला २०१९ मध्ये स्टर्लिंग पारितोषिक मिळाले. तेव्हा कंत्राटदार असला म्हणजे काम वाईटच, असा सरसकट निष्कर्ष काढता येत नाही. काम करवून घेणाऱ्याला कामाची जाण किती, यावरच सारे अवलंबून असते.

मुंबईसाठी यातून एक व्यवहार्य धडा निघतो. उंच इमारतींसाठी लागणारी यंत्रसामग्री आणि मनुष्यबळ म्हाडाने कायमस्वरूपी बाळगणे परवडणारे नाही. ते काम कंत्राटदाराकडेच राहील. परंतु दक्षिण मुंबईतील जुन्या उपकरप्राप्त इमारतींची दुरुस्ती हे म्हाडाच्याच मंडळाचे बारमाही काम आहे. तेथे मजूर रिकामे बसण्याची भीती नाही. अशा कामासाठी स्वतःची छोटी पगारी तुकडी उभारली, तर साहित्य आणि मजुरीच्या प्रत्यक्ष दरांची माहिती यंत्रणेच्या हाती राहील. मोठ्या प्रकल्पांच्या निविदा त्याच मापाने तपासता येतील आणि त्याच तुकडीत तयार झालेले अभियंते काँक्रीट ओतण्यापूर्वी सळ्या मोजायला उभे राहतील. अर्थात, लंडनचा १८९६ चा अनुभव लक्षात घेता या तुकडीचे हिशेब स्वतंत्र आणि जाहीर असलेच पाहिजेत.

बीडीडी चाळी शंभर वर्षे उभ्या राहिल्या. त्यांच्या जागी आलेल्या इमारतींना तेवढे आयुष्य लाभायचे असेल, तर देखरेखीचे काम मात्र कंत्राटावर देऊन चालणार नाही.