आधी खरं, मग माफी

बालमित्रांनो,

परवा आमच्या चौथीच्या वर्गात एकाची कंपासपेटी मोडली. मोडणारा काही कबूल होईना. उलट म्हणतो कसा, "जाऊ द्या ना गुरुजी! झालं ते आता काऊन काढता?" पेटीवाला मात्र कोपऱ्यात रुसून बसला. त्याच्याकडे पाहून मला एक मोठी गोष्ट आठवली. ती आज सांगतो.

आपल्या घाटंजीहून खूप दूर, कोल्हापूरजवळ वळिवडे नावाचं गाव आहे. १९४३ ते १९४८ या काळात तिथल्या छावणीत पोलंड देशातले सुमारे ५,००० निर्वासित राहत होते. बहुतेक बायका आणि मुलं. इतक्या लांब ती का आली?

१९३९ साली जर्मनी आणि सोव्हिएत रशियाने पोलंड वाटून घेतला. रशियाने लाखो पोलिश लोकांना घरातून उचलून सायबेरियाकडे धाडलं. थंडीने, उपासाने कितीतरी दगावले. वाचले त्यांतले काही इराणमार्गे आपल्याकडे आले.

कैदेतल्या पोलिश अधिकाऱ्यांची बायकामुलंही अशीच हद्दपार झाली होती. ती घरधन्याच्या पत्राची वाट बघत. पण पत्रं येणं थांबलं. कारण १९४० मध्येच स्टालिनच्या राजवटीने सुमारे २२,००० पोलिश कैद्यांना गोळ्या घातल्या होत्या. त्यांत डॉक्टर होते, शिक्षकही होते. १९४३ मध्ये कातिनच्या जंगलात कबरी सापडल्या, तर रशिया म्हणाला, "हे जर्मनांनी केलं!" जवळजवळ ५० वर्षं हेच खोटं चाललं. पोलंडमध्येसुद्धा उघडपणे खरं बोलायची चोरी!

अखेर १३ एप्रिल १९९० रोजी सोव्हिएत सरकारने गुन्हा कबूल केला. पोलंड आता दरवर्षी याच तारखेला त्या मृतांचं स्मरण करतो. २०१० मध्ये दोन्ही देशांचे पंतप्रधान कातिनला एकत्र आले. पुढे पुन्हा दुरावा वाढला, हेही खरं. पण जवळ येण्याची सुरुवात झाली ती कबुलीनंतरच.

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्या निर्वासितांचं स्मारक आहे. मुलांनो, आठवण सूड घेण्यासाठी जपायची नसते. ज्याच्यावर अन्याय झाला, त्याचं दुःख खरं होतं, हे सांगायला जपायची असते.

आणि हो, दुसऱ्या दिवशी तो मुलगा आपणहून उभा राहिला. "मीच मोडली," म्हणाला. पेटी काही जुळली नाही. पण मधल्या सुट्टीत दोघं एकाच डब्यातलं खात होते.

तुमचे,
गुरुजी