रजोनिवृत्तीनंतरचा मेद आणि आपले कर्तव्य

"पाळी थांबल्यापासून अंग सुटत चालले आहे, एखादे चूर्ण द्या," अशी तक्रार घेऊन येणाऱ्या भगिनी मिरजेतील आपल्या चिकित्सालयांत वरचेवर दिसतात. आपण मेदोहर गुग्गुळ वा त्रिफळा देतो, पथ्य सांगतो आणि पुढील रुग्णाकडे वळतो. ही भेट केवळ स्थौल्यचिकित्सेची नसून स्तनाच्या कर्करोगाचा धोका ओळखण्याची आणि कमी करण्याचीही संधी आहे, याकडे आम्ही सभासदांचे लक्ष वेधू इच्छितो.

रजोनिवृत्तीपर्यंत इस्ट्रोजेन हे संप्रेरक प्रामुख्याने बीजकोशात तयार होते. त्यानंतर हे कार्य मुख्यतः मेदधातूत चालते. तेथील ॲरोमॅटेज हे विकर अन्य संप्रेरकांचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते. मेद जितका अधिक, तितके इस्ट्रोजेन अधिक. आणि त्याच्या दीर्घ प्रभावाने स्तनातील पेशींची अनिष्ट वाढ संभवते. अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घकालीन अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. वयाच्या अठराव्या वर्षापासून २५ किलो वा अधिक वजन वाढलेल्या स्त्रियांत रजोनिवृत्तीनंतरच्या स्तनकर्करोगाचा धोका सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक आढळला. उलट, रजोनिवृत्तीनंतर वजन घटवून ते टिकवणाऱ्यांत धोका कमी दिसला. म्हणजे पन्नाशीनंतरचा प्रयत्नही वाया जात नाही.

मात्र कृश स्त्री निर्धास्त, असा अर्थ कोणी काढू नये. रजोनिवृत्तीपूर्वीच्या रोगाशी स्थौल्याचा असा सरळ संबंध नाही, आणि आपल्याकडे पन्नाशीच्या आतील रुग्णांचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक आहे.

चरकाचार्यांनी अष्टौनिन्दितीय अध्यायात अतिस्थौल्याची कारणे सांगताना अतिसंपूरण, अव्यायाम व दिवास्वाप यांचा निर्देश केला आहे. अर्बुद पिकत नाही, याचे कारण सुश्रुताचार्यांनी कफ व मेद यांचे आधिक्य असे दिले. यावरून आचार्यांना संप्रेरके ज्ञात होती, असा दावा करणे आम्हांस मान्य नाही. परंतु निदानपरिवर्जनाचा त्यांचा मार्ग आजही तितकाच उपयुक्त आहे.

सांगलीच्या हळदपेठेशेजारी राहणारे आपण, "हळदीने कर्करोग टळतो का?" हा प्रश्न नेहमीच ऐकतो. प्रयोगशाळेतील निष्कर्ष आशादायक असले, तरी माणसांत तसे सिद्ध झालेले नाही, हे स्पष्ट सांगावे. एखाद्या पदार्थापेक्षा एकूण आहारविहार महत्त्वाचा. दिवसातून पाच वेळा गोड चहा, उपवासाची साबुदाण्याची खिचडी, जेवणानंतरची झोप यांची चौकशी केल्याविना दिलेले चूर्ण निष्फळ ठरते. वजनकाट्याबरोबर मोजपट्टीही हाताशी ठेवावी. स्त्रियांत कमरेचा घेर ८० सेंटिमीटरहून अधिक असणे ही धोक्याची सूचना होय.

त्याच भेटीत स्तनातील गाठ, त्वचेवर पडलेली खळी, आत ओढलेले स्तनाग्र, रक्तमिश्रित स्राव यांविषयी विचारावे आणि संमतीने, स्त्री-सहायकाच्या उपस्थितीत, परीक्षण करावे. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये सुरू केलेल्या, सुमारे दीड लाख स्त्रियांच्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केवळ हातांनी तपासणी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रोग लवकरच्या अवस्थेत सापडला आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. आरोग्यसेविकांना जे साधले, ते पदवीधर वैद्यांना का साधू नये?

गाठ आढळल्यास लेप वा काढा देऊन एक दिवसही दवडू नये. १८९४ मध्ये डॉ. वॉनलेस यांनी रुग्णालय उभारल्यापासून मिरज शस्त्रकर्मासाठी विख्यात आहे. आज कर्करोगाचे स्वतंत्र रुग्णालयही गावातच आहे. रुग्ण तेथे पाठविण्यात कमीपणा कसला?

औषधनिर्माते व विक्रेते बंधूंनाही विनंती आहे. १९५४ च्या जादूटोणा व आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याच्या अनुसूचीत कर्करोग, स्थौल्य आणि स्तनांचा आकार हे तिन्ही विषय आहेत. त्यांवरील औषधांची जाहिरात म्हणजे कायद्याचा भंग आणि रुग्णाची फसवणूक. टॅमॉक्सिफेनसारखी संप्रेरकरोधी औषधे घेणाऱ्या स्त्रीला शतावरी वा गुग्गुळ तिच्या कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याविना देऊ नये. तसेच पथ्याविना वजन झपाट्याने घटत असेल, तर तिचे अभिनंदन न करता कारण शोधावे.

चूर्ण मागण्यास आलेली भगिनी परतताना तपासली गेलेली असावी, एवढाच आमचा आग्रह आहे.