मातीचा लेप आणि तारुण्यपीटिका

मुलतान शहराच्या नांवानें ओळखली जाणारी माती तेल शोषून घेते. लोंकरीचा तेलकटपणा काढण्यासाठीं पूर्वीं अशाच मातीचा उपयोग करीत. म्हणून तेलकट चेहऱ्यास तिचा लेप लावण्यास हरकत नाहीं. परंतु त्यांत लिंबाचा रस किंवा खाण्याचा सोडा घालण्याची चाल मात्र सोडून दिली पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

त्वचा स्वभावतः किंचित् आम्ल असते. लिंबू तिच्याहून पुष्कळच आम्ल, तर सोडा क्षारधर्मी. दोहोंनींही तिचें संरक्षक आवरण दुखावतें. दोन चमचे माती व ती भिजेल इतकें स्वच्छ पाणी एवढेंच पुरे. पातळ लेप द्यावा व तो तडकण्यापूर्वींच, सुमारें १० मिनिटांत, धुवून टाकावा. आठवड्यांतून एकदां पुरे. फुटलेल्या पुटकुळीवर लेप लावूं नये. उरलेला ओला लेप सांठवूं नये, कारण त्यांत जंतु वाढतात.

तथापि माती वरचें तेल टिपते, एवढेंच. तारुण्यपीटिकांचें मूळ आंत आहे. वयांत येतांना संप्रेरकांमुळें तैलग्रंथींचा स्राव वाढतो, रंध्रें बुजतात व पुटकुळ्या उठतात. हा अस्वच्छतेचा किंवा दुर्वर्तनाचा पुरावा नव्हे. म्हणून पालकांनीं "तोंड धुवीत नाहींस काय?" असें म्हणून मुलांस खिजवूं नये. दुखऱ्या गांठी उठूं लागल्यास लेपावर न विसंबतां डॉक्टरांकडे न्यावें. विलंब झाल्यास व्रण जन्मभर राहूं शकतात. आणि विद्यार्थी बंधुभगिनींनो, चार पुटकुळ्यांपायीं वर्गांत मान खालीं घालूं नका.