शेवटच्या तुकडीचें पाऊल

शाळेचा क्रीडादिन बँडवांचून शोभत नाहीं. ढोलाचा पहिला ठोका पडतांच मांडवांतील पालक माना उंचावतात, लहान मुलें बाकांवर उभीं राहतात, आणि पांढऱ्याशुभ्र गणवेषांतील पथक मैदानांत शिरतें. वसईच्या माणसास बँड नवा नाहीं. लग्नाच्या वरातींत, सणाच्या मिरवणुकींत, २६ जानेवारी व १५ ऑगस्ट ह्या दिवशींच्या झेंडावंदनास पितळी वाद्यांचा व ढोलांचा नाद लहानपणापासून आपल्या कानीं पडत आला आहे. परंतु जी वस्तु नित्य कानांवर पडते, तिच्याकडे लक्ष देण्याची आपणांस गरज वाटेनाशी होते. आपण बँड ऐकतों. पाहत मात्र नाहीं. आणि ह्या न पाहण्यानें कधीं कधीं मुलांवर अन्याय होतो, असें माझें मत आहे. तें मांडण्यासाठींच हा लेख लिहीत आहें.

कांहीं वर्षांपूर्वीं एका शाळेच्या क्रीडामहोत्सवास जाण्याचा योग आला होता. संचलनाच्या अग्रभागीं बँड होता व त्यामागें इयत्तावार तुकड्या चालल्या होत्या. सर्वांत शेवटीं पांचवीचीं मुलें होतीं. त्यांचीं पाउलें पुढील तुकड्यांच्या पावलांशीं कांहीं केल्या जुळत ना. प्रेक्षकांत हंशा पिकला. माझ्या शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "ह्यांना डावा-उजवासुद्धां कळत नाहीं!" परीक्षकांनींही त्या तुकडीस शेवटचा क्रमांक दिला. मुलें हिरमुसलीं. त्यांच्यांतील एक जण डोळे पुसत आपल्या आईस सांगत होता, "आई, आम्ही ढोलाच्या ठोक्यावरच पाय टाकत होतों ग!"

त्या मुलाचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. चूक हंसणारांची होती. ती कशी, हें थोडें गणित केल्यास कळेल. नाद हवेंतून सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो. शिस्तीच्या संचलनांत मिनिटास १२० पाउलें पडतात, म्हणजे एका पावलास अर्धा सेकंद. आतां बँडच्या मागें ८५ मीटरांवर चालणाऱ्या मुलास ठोका पाव सेकंद उशिरां ऐकूं येतो. तितक्या वेळांत पुढच्याचें पुढील पाऊल अर्धें उचलून झालेलें असतें. अंतर १७० मीटर झालें, तर उशीर पुऱ्या एका पावलाचा होतो. पुढच्याचा उजवा पाय पडतो, त्याच क्षणीं मागच्याचा डावा पडतो. जो मुलगा जितक्या इमानानें कानाचें ऐकेल, तितका तो पुढच्यांपासून निराळा दिसेल! म्हणून बँड तुकड्यांच्या मध्यभागीं ठेवावा, म्हणजे अंतर निम्में होतें. आणि परीक्षकांनीं एका तुकडीचीं पाउलें दुसरीशीं ताडून न पाहतां तुकडींतल्या तुकडींत पाहावीं.

मग बँडमधील मुलें स्वतः एकत्र कशीं वाजवितात? येथें प्रेक्षकांच्या नजरेंतून सुटणारी दुसरी गोष्ट येते. सर्वांपुढें चकचकीत दंड घेऊन चालणाऱ्या नायकास ड्रम मेजर म्हणतात. तो दंड शोभेचा आहे असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः ती मुक्यानें दिलेली आज्ञा असते. निघणें, वळणें, थांबणें, वादन बंद करणें, ह्या सर्वांच्या खुणा त्या दंडाच्या उंचावण्यांत व झुकण्यांत असतात. दिल्लीच्या विजय चौकांत दरवर्षीं २९ जानेवारीस सेनादलांच्या बँडांचा जो सोहळा होतो, तो दूरदर्शनवर पाहतांना एकदां केवळ दंडाकडे दृष्टि ठेवून पाहावें. सारा कार्यक्रम निराळाच भासेल. तसेंच गत संपत आली कीं, मोठ्या ढोलावर दोन ठोके जोडून पडतात. प्रेक्षकांस ते गतीचाच भाग वाटतात. वादकांस मात्र तो "आतां थांबा" असा निरोप असतो. मोठा ढोल वाजविणाऱ्या मुलास आपण "त्यास काय, नुसतें बडवायचें!" असें म्हणतों, पण सर्वांची गति त्याच्या मनगटांत असते. तो अडखळला, तर सारें पथक अडखळतें.

तिसरी गोष्ट वळणाची. पांच मुलांची ओळ काटकोनांत वळते, तेव्हां टाळ्या पडतात. पण त्या ओळींत काय घडतें हें कितीजण पाहतात? आंतला मुलगा वळणाच्या मध्यापासून १ मीटरवर व बाहेरचा ५ मीटरवर आहे असें समजा. तेवढ्या वळणांत आंतला सुमारें दीड मीटर चालतो, तर बाहेरचा जवळजवळ ८ मीटर. पाउलें दोघांचीं सारखींच, समजा दहा. म्हणजे बाहेरच्याचें प्रत्येक पाऊल ७८ सेंटिमीटरांचें, तर आंतल्याचें केवळ १६ सेंटिमीटरांचें! बाहेरच्याची धांव सर्वांस दिसते. आंतल्यानें आवरून धरलेलें पाऊल कोणास दिसत नाहीं. पण ओळ सरळ राहते ती त्याच्या त्या आवरण्यानेंच.

हीच गोष्ट आपल्या ढोलताशांतही आहे. १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. पुढें पुण्यांत १९६२ सालीं स्थापन झालेल्या ज्ञानप्रबोधिनीनें व रमणबागेसारख्या शाळांनीं विद्यार्थ्यांचीं पथकें उभारलीं, आणि आज अशीं पथकें पुण्यापासून वसई-विरारपर्यंत दिसतात. ढोलाचा नाद छातींत घुमतो, म्हणून लोक ढोलाकडे पाहतात. परंतु चाल बदलण्याची खूण देतो तो ताशा, दोन बारीक काड्यांनीं वाजणारा. मोठ्यांनीं लहानाचें ऐकावयाचें, हा त्या पथकाचा कायदा आहे.

अमेरिकेंत तर ह्या विद्येचें मोठें शास्त्र झालें आहे. तेथें 'ड्रम कोअर' नांवाचीं तरुणांचीं पथकें असून १९७२ पासून त्यांचे राष्ट्रीय सामने होत आले आहेत. सुमारें ९१ मीटर लांबीच्या मैदानावर पसरून, धांवतां धांवतां तीं वाजवितात. तेथील एक युक्ति ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. ढोल मागें असतात, आणि पुढच्यांनीं मागून येणाऱ्या ढोलाच्या नादावर आपला सूर धरावयाचा असतो. म्हणजे दोन्ही नाद बरोबरच प्रेक्षकांपर्यंत पोंचतात. म्हणून साधा नियम असा: ताल मागून येत असेल तर कानाचें ऐकावें; पुढून येत असेल तर डोळ्यांचें. आमच्या पांचवीच्या मुलांस हा नियम कोणीं सांगितलाच नव्हता.

कोणी म्हणेल कीं, श्रम झांकले जावे ह्यांतच कलेची थोरवी. प्रेक्षकानें पाउलें मोजीत बसलें, तर आनंद कसला? हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. घटकाभर आलेल्या पाहुण्यास आनंद पुरे. पण पालक व सहाध्यायी हे पाहुणे नव्हेत. आपल्या टाळ्या जिकडे पडतात, तिकडे मुलांचीं मनें वळतात. आपला मुलगा पहिल्या ओळींत दिसावा म्हणून पालक शिक्षकांस गळ घालतात. मोठा ढोल गळ्यांत आला तर मुलगा तोंड पाडतो. ओळीच्या आंतल्या टोकास उभें राहण्यास कोणी राजी नसतो. ज्या कामाकडे कोणी पाहत नाहीं, तें काम करणारा पुढें कोठून मिळावा? आणि तो न मिळाला, तर पुढच्या ओळीची शोभा तरी किती दिवस टिकेल?

तेव्हां वाचकहो, येत्या क्रीडादिनीं एवढें करा. ओळ वळेल तेव्हां आंतल्या मुलाकडे पाहा. गत संपत येईल तेव्हां मोठ्या ढोलाकडे कान द्या. घरीं गेल्यावर आपल्या मुलास "तूं पुढें कां नव्हतास?" असें न विचारतां "तुझें काम कोणतें होतें?" असें विचारा. आणि शेवटची तुकडी निराळें पाऊल टाकतांना दिसली, तर हंसण्यापूर्वीं ती ढोलापासून किती दूर आहे हें पाहा. कदाचित् त्या मैदानांत सर्वांत इमानानें ऐकणारीं मुलें तींच असतील.