आखाजीच्या घागरीपाशी

वैशाख शुद्ध तृतीयेच्या सकाळी मातीची नवी घागर पाण्याने भरायची, तिच्या तोंडावर लहानसे मडके ठेवायचे, त्यावर खरबूज, आंबे आणि सांजोऱ्या मांडायच्या आणि घरातल्या गेलेल्या माणसांची नावे मनात घेऊन पाणी सोडायचे, हे आपल्या खान्देशात कुणी कुणाला शिकवत नाही. पाहता पाहता हात तसे वळतात. ऊन वर चढते, लिंबाच्या फांदीला झोका बांधलेला असतो, माहेरी आलेल्या लेकींच्या गळ्यातून गौराईची गाणी उतरत असतात, आणि ओसरीवर मात्र निराळाच विषय चाललेला असतो. सालदाराचे साल आज पुरे झाले, उद्यापासून नवे. धान्य किती, रोख किती, कपड्यांचे काय ठरले? पंचांगातले वर्ष पाडव्याला बदलत असेल, पण नंदुरबार-शहाद्याकडच्या शेतकऱ्याच्या घरातले वर्ष आखाजीलाच कूस पालटते. म्हणून या दिवशी कोठीच्या खोलीचे दार उघडून एकदा आत नजर टाकावी, असे आपल्याला आपसूक वाटते.

आखाजीपर्यंत ती खोली निम्मीअधिक भरलेली असते. सुरुवात मिरचीने होते. हिवाळ्यात नंदुरबार शहराभोवतीच्या पथाऱ्यांवर ओली लाल मिरची वाळत पडते तेव्हा जमिनीचा रंगच नाहीसा होतो. नाकाला रुमाल लावून त्या रस्त्याने एकदा तरी गेल्याशिवाय नंदुरबारकराचा हिवाळा पुरा होत नाही. पथारीवर बसून देठ खुडणाऱ्या बायकांची बोटे संध्याकाळी चुलीजवळ नेता येत नाहीत, इतकी भगभगतात. तीच मिरची पुढे उन्हे तापू लागली की डंकावर कुटून आणायची आणि हिंगाचा खडा घालून बरणीत दाबून ठेवायची. मग चैत्रात गहू. तो निवडायचा, वाळवायचा, एरंडेलाचा हात फिरवून कोठीत घालायचा. ज्वारीत कडुनिंबाचा पाला. नवापूरच्या तूरडाळीला आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण ती डाळ लवकर शिजते आणि चवीला गोडसर लागते, हे सांगायला आपल्या आज्यांना कुठल्या प्रमाणपत्राची गरज पडली नव्हती. उडदाचे पापड, ज्वारीच्या बिबड्या, गव्हाच्या कुरडया, शेवया हे काही एकटीचे काम नव्हे. आज हिच्या गच्चीवर, उद्या तिच्या. पोळपाट-लाटणे जिचे तिने आणायचे, आणि कच्च्या लाट्या पळवणाऱ्या पोरांना रागे भरण्याचा हक्क मात्र सगळ्यांचा.

या साऱ्याला आपण बेगमी म्हणतो. हल्ली शहरांतून आठवड्याच्या जेवणाचे नियोजन करायला शिकवणारे वर्ग भरतात, त्यासाठी फोनवर ॲप मिळतात, तक्ते विकत मिळतात. ते ऐकून हसू आले तरी हसून सोडून देण्यासारखी ती गोष्ट नाही, कारण आपल्या बेगमीतही असाच एक तक्ता दडलेला होता; तो कागदावर नव्हता, इतकेच. श्रावणात भाजी महागणार किंवा चिखलामुळे बाजारात पोचणारच नाही, हे गृहीत धरूनच खान्देशी स्वयंपाकघराने आपली जेवणे बसवली. पाटोड्यांचा रस्सा, डुबुकवड्या, फुणके, शेवभाजी यांतले प्रत्येक कालवण डाळीच्या पिठाचे, भिजवलेल्या डाळीचे किंवा घरातल्या शेवेचे आहे. भाजीवाल्याचे तोंड न पाहता चार माणसे तृप्त उठावीत, अशी ती रचना आहे. कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर उडीद दळला जातो, त्यामुळे नुसत्या ठेच्याबरोबर खाल्ली तरी ती अंगी लागते. सोमवार, चतुर्थी, एकादशी हे उपासाचे दिवसही घरच्या बाईच्या हिशेबात असत. महिन्यात भगर किती लागेल, हे तिला वाण्याच्या दुकानी पाऊल टाकण्याआधी ठाऊक असे. पावसाळ्यात हे खायचे, मग उन्हाळ्यात ते वाळवायचे, म्हणून हिवाळ्यात ते घ्यायचे, असा तो उलट्या बाजूने मांडलेला हिशेब होता.

हा हिशेब आता सुलट झाला आहे, आणि खर्चाची गळती तिथेच सुरू झाली आहे. आधी सवलत दिसते, मग वस्तू घरात येते आणि ती खायची कशी याचा विचार सर्वांत शेवटी. पूर्वी चहाच्या पुड्यात चमचा निघायचा, साबणाची वेष्टणे साठवली की पेला मिळायचा. त्या चमच्यासाठी कुणी चहा दुप्पट पीत नव्हते. दुकानदाराकडची दिवाळी भिशी तर उघड व्यवहार होता. वर्षभर दरमहा ठरलेली रक्कम भरायची आणि फराळाचे सामान एकरकमी उचलायचे. त्यात वस्तू आपण ठरवत होतो. आता फोनवरचे कूपन सांगते की दीड हजारांची खरेदी करा, शंभर रुपये वाचवा. आपली यादी अकराशेंवर संपलेली असते, मग शंभर वाचवण्यासाठी चारशेंचे काय घ्यावे या विवंचनेत आपण अर्धा तास घालवतो. हे लिहिणाराही त्या मोहातून सुटलेला नाही. एकावर एक फुकट म्हणून आणलेल्या ओट्सच्या पाकिटांपैकी पहिले संपेपर्यंत दुसऱ्यावरची तारीख उलटून गेली, आणि फुकटचे पाकीट टाकून देतानाही हात अडखळला.

म्हणजे कूपन वाईटच, असे मात्र नाही. यादीत आधीपासून असलेल्या वस्तूवर सवलत मिळत असेल, तर ती न घेणे हा कोरडा अभिमान झाला. पण यादी आधी हवी. आणि यादीच्याही आधी घरात काय शिल्लक आहे ते पाहणे हवे, हाच आखाजीला कोठीचे दार उघडण्याचा खरा अर्थ. दोन-तीन बारीक गोष्टी डोळ्यांखालून घातल्या तर एखाद्या कूपनाइतका पैसा सहज वाचतो. पाकिटावर छापील किमतीबरोबर आता ग्रॅमचा किंवा किलोचा भावही छापावा लागतो; बारीक अक्षरातला तो आकडा मोठ्या अक्षरातल्या सवलतीपेक्षा प्रामाणिक असतो. एक लिटर खाद्यतेल वजनाला साधारण ९१० ग्रॅमच भरते, तेव्हा लिटरच्या पिशवीची आणि किलोच्या डब्याची तुलना करताना चूक ठरलेली. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या गहू, तांदूळ, डाळी, पिठांवर ५ टक्के जीएसटी लागू झाला. गोणीतून मोजून घेतलेल्या सुट्या धान्याला तो नाही, २५ किलोंच्या वरच्या पोत्यालाही नाही. वर्षाचा गहू पोत्याने भरणाऱ्या घराने हा कर न वाचताच चुकवला, आणि तोही कायद्याच्या चौकटीत राहून.

इथपर्यंतचे सगळे ज्याच्या हाती चैत्रात एकरकमी पैसा असतो, त्याच्यासाठी झाले. आपल्या जिल्ह्यात असे किती जण?

तापीच्या काठावरून उत्तरेला पाहिले की सातपुड्याची रांग दिसते. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा या तालुक्यांतल्या पाड्यांवरही बेगमी आहेच. तिचे वेळापत्रक तेवढे वेगळे. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात डाळ्या, गूळ, खजूर यांची खरेदी होते. मोहाची फुले पहाटे वेचून वाळवली जातात. एप्रिल-मे महिन्यांत कैऱ्या सोलून, चिरून खडकांवर पसरतात, आणि धडगावचा आमचूर तयार होतो. तो विकून येणाऱ्या पैशांत पावसाळ्याआधीचे मीठ-तेल भरायचे असते. मका-ज्वारीची कणगी शेणामातीने लिंपलेली असते, पण ती आषाढ-श्रावणात तळ दाखवू लागते. त्या दिवसांसाठी राज्य सरकारने १९७८ मध्ये खावटी कर्ज सुरू केले. टाळेबंदीनंतर त्याचे अनुदान झाले आणि कुटुंबामागे ४ हजार रुपये ठरले, निम्मे रोख, निम्मे वस्तुरूपात. खावटी ही एका अर्थी उसनी बेगमीच. पण सरकारी खावटीपेक्षा मुकादमाची उचल वेळेवर हाती पडते, आणि ती फेडण्यासाठी दिवाळी सरली की सबंध कुटुंब कोयते घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जाते. फडावर खोपटे टाकून राहणाऱ्या बाईने साठवावे तरी कुठे? ती रोजच्या रोज पाच-दहा रुपयांचे तेल, पुडीतले तिखट, पुडीतला चहा घेते. समजा दहा रुपयांच्या पुडीत पंचवीस ग्रॅम तिखट आले, तर किलोला चारशे रुपये पडले. जिच्या बोटांनी पथारीवर मणाने मिरची खुडली, तिच्या कालवणात ती मिरची सगळ्यांत महाग भावाने पडते.

हे विसरून काटकसरीवर लिहिणे म्हणजे भरल्या घराने रिकाम्या घराला जमाखर्च शिकवण्यासारखे आहे. गरिबाला हिशेब कळत नाही, असे बोलणारे आपल्यात पुष्कळ आहेत. वास्तविक आठवड्याच्या मजुरीत सात दिवसांची चूल बसवणाऱ्या बाईइतका काटेकोर हिशेब कुणाचा नसेल. तिच्याजवळ नसते ते भांडवल आणि साठवायला कोरडी जागा.

रेशन ही अशा घरांची सार्वजनिक कोठी. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्याचा हक्क दिला. जानेवारी २०२३ पासून ते धान्य मोफत आहे. २०२२ च्या दिवाळीत राज्याने शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल यांचा आनंदाचा शिधा वाटला, पण अनेक ठिकाणी तो वेळेवर पोचला नाही. आधार क्रमांकाचे देशातले पहिले वाटप २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच शहादा तालुक्यातल्या टेंभलीत झाले, आणि आज रेशन दुकानातल्या यंत्रावर त्याच क्रमांकाच्या आधारे अंगठा टेकवावा लागतो. कष्टाने झिजलेला अंगठा यंत्राला ओळखू आला नाही, तर माणूस समोर उभा असून धान्य अडते. आणखी एक सोय मात्र आपल्या सीमेवर फारशी कुणी सांगत नाही. महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात रेशनकार्ड दोन्हीकडे चालण्याची व्यवस्था ऑगस्ट २०१९ मध्येच सुरू झाली. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाला तिकडच्या दुकानातून आपले धान्य उचलता येते. निघण्याआधी हे त्यांच्या कानावर घालणे ग्रामपंचायतीचे, शिक्षकाचे, आशाताईचे आणि आपलेही काम आहे.

कोठी एकट्याची असली पाहिजे, असे कुणी म्हटले आहे? १९७२ च्या दुष्काळात महागाई भडकली तेव्हा मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यासह मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १९७५ च्या पाडव्याला, मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तिची रीत साधी आहे: शेजारची काही घरे मिळून एक संघ करायचा, महिन्याची मागणी आधी नोंदवायची, माल घाऊक भावाने एकत्र आणायचा आणि एका घरात बसून आपल्या हातांनी वाटून घ्यायचा. दुकान नाही, जाहिरात नाही, कूपनही नाही. मागणी आधी लिहावी लागते, म्हणून प्रत्येक घराला महिन्याचे जेवण आधी ठरवावे लागते. आपल्या गच्चीवरच्या पापडांत आणि या संघात फरक तो केवढा? आपल्याकडे गावोगावी बचतगट आहेत, आठवड्याला त्यांच्या बैठका होतात, वह्या लिहिल्या जातात. त्या वहीत कर्जाच्या रकान्याशेजारी सामायिक खरेदीचा एक रकाना आखायला कितीसा वेळ लागतो?

आज घागर भरून झाली, पुरणपोळी आणि आमरस पोटात गेला, की दुपारी वहीचे कोरे पान उघडू या. वरच्या भागात घरात काय शिल्लक आहे ते लिहू, खाली काय हवे ते. आणि पोते आणायला बाजार समितीत जाल तेव्हा शेतावरच्या सालदाराला, घरी धुणीभांडी करणाऱ्या मावशींना, पथारीवर मिरची खुडणाऱ्या ताईंना आधी विचारून जा: घाऊक भावात तुमचेही दहा किलो गहू, दोन किलो डाळ, एक किलो तिखट घेऊ का? पैसे हप्त्याहप्त्याने दिले तरी चालतील. ठेवायला जागा नसेल तर आपल्या कोठीत त्यांच्या नावाचा एक डबा राहू द्या.