गाडीचा आवाज आणि व्यापाऱ्याची अब्रू

आमच्या कापडधंद्यात पिकअप गाडी ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी, कुठेही जा. सुताची पोती सायझिंगला नेणे, बीम लूमपर्यंत पोचवणे, कोऱ्या कपड्याचे तागे गोदामात आणणे, ही सारी कामे बोलेरो पिकअप आणि छोटा हत्ती यांच्या जिवावर चालतात. काही पावसाळे काढले की अशा गाडीचा सायलेन्सर गंजून फुटतो आणि बदलण्याची पाळी येते. मालक तेव्हा गल्ल्यावर बसलेला असतो. निवड ड्रायव्हर करतो, नाहीतर घरातला जवान मुलगा करतो, आणि त्यांची कसोटी एकच असते: आवाज कसा येतो? या कसोटीबद्दल आमच्या व्यापारी बांधवांपुढे चार गोष्टी ठेवणे आम्हांला जरुरीचे वाटते.

गाडीचा आवाज भारदस्त असावा असे वाटणे हा काही गुन्हा नव्हे. प्रश्न इतकाच आहे की तो आवाज कशातून येतो आणि त्याची किंमत कोण मोजतो.

बाजारात कंपनीच्या अस्सल मालाखेरीज जे सायलेन्सर मिळतात ते मुख्यतः दोन जातींचे. पहिल्या जातीच्या डब्यात आडवे पडदे घालून खोल्या केलेल्या असतात. धुराबरोबर येणाऱ्या आवाजाच्या लाटा या खोल्यांत आपटून उलट फिरतात आणि एकमेकींना मारतात. दुसऱ्या जातीत सरळ आरपार नळी असते. नळीला बारीक छिद्रे असतात आणि तिच्याभोवती काचेच्या तंतूंची लोकर भरलेली असते. आवाज छिद्रांतून लोकरीत जिरतो. ही दुसरी जात नवी असताना दमदार, घुमणारा आवाज देते आणि म्हणूनच तरुणांच्या पसंतीस उतरते. परंतु उष्णता आणि धूर यांनी आतली लोकर हळूहळू जळते, उडून जाते. मग उरतो तो पोकळ डबा. आज जो आवाज ऐकून पैसे मोजले, तो वर्ष-दोन वर्षांनी राहत नाही. फाटका, कर्कश आवाज राहतो. कांजी चढवलेले कापड दुकानात हाताला जड लागते आणि एका धुण्यात त्याची खरी जात कळते. आम्ही कापडवाले कापडाच्या बाबतीत असे फसत नाही. मग सायलेन्सरच्या बाबतीत का फसावे?

तिसरा एक प्रकार आहे, त्याला सायलेन्सर म्हणणेच चूक. बाहेरून डबा, आत काहीच नाही. तो घेणे म्हणजे उघड्या नळीने गाडी चालवणे.

आता गॅरेजमधली परीक्षा पाहा. गाडी रिकामी, जागेवर उभी. मिस्त्री दोन वेळा ॲक्सिलरेटर दाबतो, आवाज घुमतो, सगळे खूश. पण आमची गाडी गॅरेजमध्ये उभी राहून कमाई करत नाही. ती माल भरून मुंबई-आग्रा महामार्गाने तासन् तास एकाच चालीने धावते. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल तर त्यात सेकंदाला सुमारे ६७ स्फोट होतात. या ठोक्याशी नळीची लांबी आणि केबिनचा पत्रा यांचा सूर जुळला की केबिन ढोलासारखी गुंजू लागते. तो आवाज कानापेक्षा डोक्याला अधिक लागतो. गॅरेजमध्ये तो कळत नाही; ड्रायव्हरला मात्र कसारा घाटापर्यंत तोच सोबत करतो. सबब सायलेन्सरची परीक्षा भरल्या गाडीने, नेहमीच्या वेगाने, किमान अर्धा तास रस्त्यावर करावी. ज्याला शेजारी बसलेल्या माणसाशी साध्या आवाजात बोलता येत नाही, त्याने तो सायलेन्सर परत करावा.

येथे आमच्या मनाला लागणारी बाब सांगतो. लूमच्या शेडमध्ये आवाज सहज ९० डेसिबलच्या वर जातो. ८५ डेसिबलमध्ये आठ तास, ही कानासाठी मर्यादा मानली जाते आणि पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते, म्हणजे ८८ ला चार तास आणि ९१ ला दोन तास. लूमवर ज्यांचे आयुष्य गेले ती माणसे घरीही ओरडून बोलतात. लोक त्यांच्या स्वभावाला नावे ठेवतात, पण खरे कारण असे की त्यांना स्वतःचाच आवाज नीट ऐकू येत नाही. आमच्याकडचे कित्येक ड्रायव्हर लूम सोडून स्टिअरिंगवर आलेले आहेत. शेडमधून सुटलेल्या त्या गरिबाला आम्ही पुन्हा गुंजणाऱ्या डब्यात बसवावे काय? ड्रायव्हरला आवाज आवडतो हा त्यावर जबाब होऊ शकत नाही. कान गेल्यावर त्याच्या घरची रोजी कोण चालवणार, याचा विचार मालकानेच करायचा असतो.

दुसरा समज असा की सायलेन्सर मोकळा केला की गाडीचा जोर आणि ॲव्हरेज दोन्ही वाढतात. ऐकू येणारा जोर वेगळा आणि चाकाला मिळणारा जोर वेगळा. रोज माल वाहणाऱ्या गाडीचे ॲव्हरेज टायरमधली हवा, साफ एअर फिल्टर, माफक वजन आणि ड्रायव्हरचा पाय यांवर ठरते. शिवाय १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ च्या गाड्या आल्या. त्यांच्या डिझेल गाड्यांत धूर शुद्ध करणारी जाळी आणि सेन्सर याच नळीवर बसवलेले असतात. मिस्त्रीने ते कापून सरळ नळी जोडली की डॅशबोर्डवर दिवा पेटतो, इंजिन आपला जोर आवरते आणि वॉरंटीवर पाणी सोडावे लागते. सायलेन्सरचे वाचवलेले पैसे असे दामदुपटीने जातात.

कापडवाल्यांसाठी आणखी एक धोका आहे. आवाज खुलावा म्हणून काही जण नळीचे तोंड बाजूला किंवा वर काढतात. गोदामाच्या दाराशी गाडी उभी राहते, इंजिन चालू असते आणि काजळी थेट गाठींवर बसते. कोऱ्या, पांढऱ्या कापडावरचा डिझेलच्या काजळीचा डाग सहजी निघत नाही आणि पार्टी ताग्यामागे पैसे कापते. ताडपत्री आणि कापसाचा भुगा तापल्या नळीजवळ आला तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. नळीचे तोंड कंपनीने जिथे दिले तिथेच राहू द्यावे. तसेच सांधा फुटका असेल तर टाका मारून दिवस काढू नयेत. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला ना रंग ना वास, आणि आमचे ड्रायव्हर रात्री इंजिन चालू ठेवून केबिनमध्येच झोपतात.

कायद्याचे म्हणाल तर तो साफ आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १२० प्रमाणे आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर प्रत्येक गाडीला हवाच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाजाचे मानक मोडल्यास पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड अथवा दोन्ही, आणि लायसन्स तीन महिने बंद. ड्रायव्हरचे लायसन्स तीन महिने बंद म्हणजे तीन महिने माल दुसऱ्याच्या गाडीने. बुलेट मोटारसायकलींचे जप्त सायलेन्सर पोलिसांनी रोड रोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे आपण वृत्तपत्रांत पाहिलीच आहेत.

काही बंधू म्हणतात, आमच्या गावात रात्रंदिवस लूमची खटखट चालते, त्यात एका पिकअपच्या आवाजाने काय बिघडते? बिघडते. एकसारख्या आवाजात माणूस झोपतो, अचानक आलेल्या आवाजाने दचकून उठतो. रात्री दोन वाजता माल उतरवायला आलेली गाडी गल्लीतल्या आजाऱ्याला, तान्ह्या मुलाला आणि पहाटेच्या पाळीला जाणाऱ्या मजुराला उठवते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत वस्तीसाठी ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि इस्पितळे, शाळा, न्यायालये यांच्या सभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र आहे.

हेच डेसिबल २०२२ साली भोंग्यांच्या वादात आपल्या घराघरांत पोचले. त्या वेळी अनेक मशिदींनी परवानग्या घेतल्या, आवाज खाली आणला, वेळा पाळल्या. जी जमात अजानच्या बाबतीत नियम पाळते, तिच्याच व्यापाऱ्याची गाडी मध्यरात्री मोहल्ला दणाणून सोडत असेल, तर आम्ही कोणत्या तोंडाने इन्साफ मागणार? सूरे लुकमानमध्ये हजरत लुकमान यांनी मुलाला केलेल्या नसीहतीत चाल मध्यम आणि आवाज नरम ठेवण्याची गोष्ट आलेली आहे. शेजाऱ्याची झोप हाही हुकूकुल इबादचाच भाग आहे आणि तिजारत त्यातून सुटलेली नाही.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की सायलेन्सरची खरेदी मालकाने स्वतः करावी. आपल्या गाडीच्या मॉडेलचा, खोल्यांचा, मूळ मापाच्या नळीचा सायलेन्सर घ्यावा. डबा हातात घेऊन वजन पाहावे, हलवून आत काही सुटे वाजते काय ते पाहावे. कोकणात किंवा खाडीकाठी गाडी फिरत असेल तर स्टेनलेस स्टीलसाठी चार पैसे जास्त द्यावेत; साधा पत्रा खाऱ्या हवेत टिकत नाही. गावातल्या गावात छोट्या फेऱ्या करणाऱ्या गाडीचा सायलेन्सर पुरता तापत नाही, आत पाणी साचते आणि तो आतून गंजतो, हेही ध्यानात ठेवावे. पक्की पावती घ्यावी. आणि घरातल्या मुलाला ही सारी बाब रागावून नव्हे, समजावून सांगावी, कारण उद्या गल्ल्यावर तोच बसणार आहे.

आमच्या धंद्यात नाव झाले ते वेळेवर पोचलेल्या मालाने आणि खऱ्या मापाने. गाडी गल्लीत आली हे गिऱ्हाइकाला माल उतरल्यावर कळले तरी पुरे आहे.